खोक्यावरचे आकडे आणि डोळ्यांपुढचा पडदा : मॉनिटर पारखताना

मोटार घेण्यापूर्वी माणूस ती चालवून पाहतो, गादी घेताना तिच्यावर बसून पाहतो. मॉनिटरच्या बाबतीत मात्र एरवी अत्यंत चिकित्सक असणारा ग्राहकही खोक्यावरचे चार आकडे आणि सवलतीची तारीख पाहून निर्णय घेऊन मोकळा होतो. आठवड्यातील चाळीस तास ज्या वस्तूकडे एकटक पाहण्यात जातात, तिच्याविषयीची ही उदासीनता विलक्षण म्हणावी लागेल. २०२० नंतर न्यू जर्सीपासून दुबईपर्यंत कितीतरी मराठी घरांत एक खोली, निदान एक कोपरा, कार्यालय बनला. लॅपटॉप बहुधा कंपनीचा असतो. त्याच्या शेजारचा पडदा मात्र अनेकदा स्वतःच्या खिशातून येतो आणि तो निवडण्याची जबाबदारीही स्वतःचीच असते.

अडचण अशी की, मॉनिटरच्या जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत छापलेले आकडे बहुधा सर्वांत कमी उपयोगाचे असतात, आणि दिवसभर काम करणाऱ्याच्या डोळ्यांना ज्यामुळे खरा फरक पडतो, ते गुण खोक्यावर नोंदलेलेही नसतात.

आकार, अंतर आणि अक्षर

पडद्याचा आकार कर्णात मोजतात. २७ इंची मॉनिटर म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि साडेतेहेतीस सेंटिमीटर उंच असा पडदा. पण निव्वळ आकाराला फारसा अर्थ नाही. त्या आकारात किती पिक्सेल बसवले आहेत आणि डोळा किती अंतरावर आहे, या दोहोंचा मेळ महत्त्वाचा.

निरोगी डोळ्याला सामान्यतः एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. साठ सेंटिमीटर अंतरावर हा तपशील सुमारे ०.१७ मिलिमीटर भरतो, सत्तर सेंटिमीटरवर ०.२० मिलिमीटर. आता पडदे पाहू जाता, १९२० × १०८० पिक्सेलच्या २४ इंची मॉनिटरवर एक पिक्सेल सुमारे ०.२७ मिलिमीटरचा असतो. तेवढेच पिक्सेल २७ इंचांवर ताणले की तो ०.३१ मिलिमीटरचा होतो आणि अक्षरांच्या कडा उघडउघड दातेरी दिसू लागतात. २५६० × १४४० च्या २७ इंची पडद्यावर हे माप ०.२३ वर येते. ३८४० × २१६० च्या, म्हणजे फोर-के म्हणून विकल्या जाणाऱ्या पडद्यावर ते ०.१६ होते, आणि येथे प्रथमच पिक्सेल नजरेआड होतो. २७ इंची आणि १९२० × १०८० ही जोडी स्वस्त मिळते म्हणून घरोघरी जाते. मजकुराच्या कामासाठी तिच्याइतकी वाईट निवड शोधूनही सापडणार नाही.

इंग्रजी मजकूर वाचणाऱ्याला हा फरक एखादे वेळी सोसवतो. मराठी वाचणाऱ्याला तो अधिक जाणवतो, आणि त्याचे कारण लिपीतच आहे. ११ पॉइंटच्या अक्षराला १०० टक्के स्केलवर उभ्या दिशेने अवघे पंधरा पिक्सेल मिळतात. रोमन अक्षरांचे त्यात भागते. देवनागरीला मात्र तेवढ्याच जागेत शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर असा सारा संसार मांडावा लागतो. ‘मूर्तींचे’ हा शब्द विरळ पडद्यावर पाहिला असता रफार, दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार यांचा एकच काळपट ठिपका झालेला दिसतो. ‘उद्ध्वस्त’ मधील जोडाक्षर तर अंदाजानेच वाचावे लागते. नित्य मराठी वाचन-लेखन असणाऱ्याने दाट पिक्सेलच्या पडद्यासाठी थोडे अधिक पैसे मोजणे, ही चैन ठरत नाही.

संगणक कोणता यावरही थोडे अवलंबून आहे. विंडोजमध्ये २७ इंची फोर-के पडदा १५० टक्के स्केलवर वापरला की अक्षरांचा आकार सोयीचा राहतो आणि रेखीवपणा पूर्ण मिळतो. मॅकची रीत निराळी. ॲपलने २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून अक्षरांच्या कडा उपपिक्सेलच्या साह्याने मृदू करण्याची पद्धत सोडली. परिणामी विरळ पडद्यावर मॅकची अक्षरे विंडोजपेक्षा अधिक फिकट भासतात. म्हणून मॅक वापरणाऱ्याने १९२० × १०८० च्या वाटेला न जाणेच बरे.

पॅनेलचे कूळ

द्रवस्फटिक पडद्यांची तीन घराणी प्रचलित आहेत. त्यांपैकी टीएन हे जुने आणि स्वस्त. मान थोडी खालीवर केली तरी त्यावरचा रंग बदलतो. त्यावर अधिक शब्द खर्च करण्याचे कारण नाही. आयपीएस हे घराणे १९९० च्या दशकाच्या मध्यावर हिताची कंपनीने बाजारात आणले, आणि आज कार्यालयीन कामासाठी तेच बहुतेकांना योग्य ठरते. बाजूने पाहिले तरी रंग टिकतात, त्यामुळे दोघांनी शेजारी बसून एकच तक्ता पाहणे सुकर होते. त्याचा उणेपणा काळ्या रंगात आहे. पांढरा आणि काळा यांच्या तेजातील गुणोत्तर सामान्य आयपीएसमध्ये १०००:१ च्या आसपास असते, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत काळा भाग राखाडी दिसतो आणि कोपऱ्यांत फिकट झळाळी येते. २०२२ पासून मिळू लागलेल्या ‘आयपीएस ब्लॅक’ प्रकारात हे गुणोत्तर साधारण २०००:१ पर्यंत गेले आहे. व्हीए घराणे ३०००:१ किंवा त्याहून पुढे जाते. रात्री चित्रपट पाहणाऱ्याला ते आवडेल. मात्र गडद पार्श्वभूमीवरचा मजकूर सरकवताना व्हीएच्या कित्येक पडद्यांवर अक्षरांमागे काळसर शेपटी ओढली जाते. काळ्या खिडकीत दिवसभर प्रणालीचे कोड लिहिणाऱ्यांनी हा दोष दुकानातच पाहून घ्यावा.

ओएलईडी हे निराळे प्रकरण. तेथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, त्यामुळे काळा रंग खरोखर काळा असतो आणि हालचाल अतिशय स्वच्छ दिसते. चित्रपट आणि खेळ यांसाठी त्याला तोड नाही. मजकुराच्या कामात मात्र दोन शंका उरतात. एक, अनेक ओएलईडी पडद्यांतील लाल, हिरव्या आणि निळ्या उपपिक्सेलची मांडणी नेहमीच्या उभ्या पट्ट्यांची नसते, तर विंडोजची अक्षरे मृदू करण्याची पद्धत तीच मांडणी गृहीत धरते. त्यामुळे अक्षरांच्या कडेला बारीक रंगीत किनार उमटते. पिक्सेल दाट असतील तर ती लोपते, विरळ असतील तर खुपते. दोन, दिवसेंदिवस एकाच जागी राहणारी टास्कबार किंवा तक्त्याची चौकट कालांतराने पडद्यावर कायमची ठसा उमटवू शकते. उत्पादक आता यासाठी वेगळी हमी देऊ लागले आहेत, पण रोज आठ तास एकच स्प्रेडशीट उघडी ठेवणाऱ्याने त्या हमीचा कागद वाचल्यावाचून पुढे जाऊ नये.

उजेडाचा हिशेब

पडद्याचे तेज ‘निट’ या एककात सांगतात. कार्यालयीन मॉनिटर बहुधा २५० ते ३५० निटचा असतो. सामान्य उजेडाच्या खोलीत प्रत्यक्षात १०० ते १५० निट पुरतात, म्हणून एवढ्या आकड्यांत तेजस्वितेची चणचण सहसा भासत नाही. प्रश्न निर्माण होतो तो खिडकीमुळे. आखाती शहरांत भर दुपारी काचेच्या भिंतीतून येणाऱ्या उन्हासमोर २५० निटचा पडदा फिका पडतो. तेथे ३५० निट आणि चकाकी रोखणारा मॅट थर या दोन्ही गोष्टी हव्यात. याउलट मँचेस्टरमध्ये डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा पडदा किती उजळतो यापेक्षा किती मंद होऊ शकतो, हे महत्त्वाचे ठरते. काही मॉनिटर सर्वांत खालच्या पातळीवरही डोळ्यांत टोचतात. हा आकडा कोणत्याही खोक्यावर नसतो.

मंद करण्याची रीतही पाहावी लागते. काही पडदे दिव्याचा प्रवाह कमी करण्याऐवजी तो अतिवेगाने चालू-बंद करून उजेड कमी केल्याचा भास निर्माण करतात. हे लुकलुकणे उघड दिसत नाही, परंतु काहींना त्यामुळे डोकेदुखी आणि डोळ्यांचा थकवा जाणवतो. परीक्षा सोपी आहे. तेजस्विता पाव भागावर आणून, पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे आणि त्यासमोर एक पेन्सिल पंख्यासारखी वेगाने हलवावी. पेन्सिलीची सलग धूसर छाया दिसली तर बरे. तिच्या वेगवेगळ्या सुट्या प्रतिमा दिसल्या, तर दिवा लुकलुकत आहे असे समजावे.

‘निळ्या प्रकाशापासून संरक्षण’ या शिक्क्याला मात्र फार भुलू नये. पडद्यासमोर डोळे कोरडे पडतात ते मुख्यतः पापण्या कमी लवल्यामुळे, आणि अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजी, संगणकासाठी निळा प्रकाश अडवणाऱ्या खास चष्म्यांची शिफारस करीत नाही. पडद्याच्या उबदार छटेने संध्याकाळी बरे वाटत असेल, तर ती सोय संगणकातच विनामूल्य असते.

फुगवलेले आकडे

१०००:१ च्या पडद्यावर ‘१,००,००,०००:१ डायनॅमिक काँट्रास्ट’ असे छापलेले आढळते. पूर्ण काळ्या चित्राच्या वेळी दिवाच विझवून आणि पूर्ण पांढऱ्याच्या वेळी तो पेटवून हा आकडा काढला जातो. एकाच चित्रात तो कधीच दिसत नाही. ‘१ मिलिसेकंद प्रतिसादकाल’ याचीही तीच गत. तो अनेकदा अशा स्थितीत मोजलेला असतो की, ती चालू केली असता वस्तूंभोवती उलट्या रंगाच्या कडा उमटतात किंवा पडदा काळवंडतो. कार्यालयीन कामात त्याचा उपयोग नाही. रिफ्रेश रेट मात्र पूर्णतः निरर्थक नव्हे. ६० वरून १०० किंवा १२० हर्ट्झवर गेले की लांब मजकूर सरकवताना डोळ्यांना आराम वाटतो. त्यापुढचे आकडे खेळणाऱ्यांसाठी.

एचडीआरचा शिक्का सर्वांत फसवा. व्हेसा या संस्थेने डिसेंबर २०१७ मध्ये आणलेल्या मानकाची सर्वांत खालची पायरी ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ ही आहे. तिच्यासाठी पडद्याचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मंद करण्याची क्षमता आवश्यक नाही, आणि त्या क्षमतेविना द्रवस्फटिक पडद्यावरचे एचडीआर म्हणजे थोडे अधिक तेज, एवढेच. केवळ या शिक्क्यासाठी पैसे वाढवू नयेत.

रंगांच्या बाबतीत कामाचे स्वरूप पाहावे. ई-मेल, संकेतस्थळे आणि घरची छायाचित्रे यांसाठी एसआरजीबी हे ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये सुचवलेले परिमाण पुरेसे आहे. त्याहून व्यापक रंगपट्टा असलेला मॉनिटर घेतला आणि त्यात एसआरजीबीचा स्वतंत्र मोड नसला, तर नातेवाइकांचे चेहरे टोमॅटोसारखे लालबुंद दिसू लागतात. ‘१०७ कोटी रंग’ या दाव्याचा उपयोग चित्रपट-संपादकाला. हिशेबनीसाला १ कोटी ६७ लाख रंगही आयुष्यभर पुरतात.

एकच वायर

लॅपटॉपवाल्यासाठी आजची सर्वांत मोठी सोय म्हणजे यूएसबी-सी. एकाच वायरीतून चित्र जाते, लॅपटॉप चार्ज होतो, आणि मॉनिटरला जोडलेले कीबोर्ड, कॅमेरा तसेच काही मॉनिटरांवर इंटरनेटची वायरही चालते. मात्र यूएसबी-सीचे छिद्र दिसले म्हणजे हे सारे होईलच असे नव्हे. काही मॉनिटरांवर ते फक्त माहितीसाठी असते. काहींवर चार्जिंगची शक्ती १५ वॅट असते, जी फोनला पुरेल. हलक्या लॅपटॉपला ६५ वॅट पुरतात, मोठ्याला ९० किंवा अधिक लागतात. सकाळी कंपनीचा आणि संध्याकाळी घरचा असे दोन लॅपटॉप असतील, तर एकच कीबोर्ड-माऊस दोहोंत फिरवणारी केव्हीएम सोय असलेला मॉनिटर टेबलावरचा निम्मा पसारा कमी करतो.

दोन मॉनिटर जोडू इच्छिणाऱ्यांनी आधी लॅपटॉपची मर्यादा तपासावी. ॲपलच्या मूळ एम१ आणि एम२ चिप असलेल्या मॅकबुकवर अधिकृतपणे एकच बाह्य पडदा चालतो. त्यावर डिस्प्लेलिंक हा तोडगा आहे, पण त्यासाठी सॉफ्टवेअर बसवावे लागते आणि कंपनीच्या लॅपटॉपवर तशी परवानगी पुष्कळदा नसते. मॉनिटर विकत घेतल्यावर हे कळणे फार महागात पडते. एचडीएमआयच्या आवृत्तीचा आकडाही जपून वाचावा. जुन्या १.४ आवृत्तीच्या जोडणीवर फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते, आणि माऊसचा बाण अडखळत चालल्यासारखा वाटतो. ‘२.१’ असे छापलेले असले तरी त्यातील सर्व क्षमता देणे उत्पादकावर बंधनकारक नाही.

मान आणि चष्मा

पडद्यावर सारा खर्च करून पायावर बचत करणे, हा दोष स्वस्त मॉनिटरांत सर्रास आढळतो. त्यांचा पाय फक्त पुढेमागे कलतो, उंची बदलत नाही. मग पडद्याखाली पुस्तकांची चळत येते. उंची बदलणारा पाय हवाच. निदान मागे १०० × १०० मिलिमीटरची व्हेसा छिद्रे असावीत, म्हणजे स्वतंत्र आधार जोडता येतो. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली आणि अंतर ५० ते १०० सेंटिमीटर, हा सर्वमान्य नियम. चाळिशी ओलांडून प्रोग्रेसिव्ह चष्मा लागलेल्यांसाठी तो अपुरा पडतो. अशा चष्म्यात जवळचे दिसण्याचा भाग खाली असल्याने माणूस नकळत हनुवटी उचलून पडदा पाहतो आणि मानेचे दुखणे ओढवून घेतो. त्यांनी पडदा आणखी खाली घ्यावा, थोडा मागे कलवावा, किंवा केवळ संगणकाच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घ्यावा.

ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्यांच्या हाती येथे एक हक्क आहे, आणि तो फार थोडे जण वापरतात. १९९२ च्या डिस्प्ले स्क्रीन इक्विपमेंट नियमांनुसार नियमितपणे पडद्यासमोर काम करणाऱ्यांच्या कामाच्या जागेची तपासणी करणे आणि मागणी केल्यास नेत्रतपासणीचा खर्च उचलणे, ही मालकाची जबाबदारी आहे. घरून काम करणारेही त्यात येतात. अमेरिकेत मॉनिटरसाठी असे सक्तीचे मानक नाही, ओशा या संस्थेची केवळ मार्गदर्शक सूचना आहे.

पहिली संध्याकाळ

मॉनिटर घरी आला की खरी परीक्षा सुरू होते, आणि ती त्याच दिवशी करावी. प्रथम जोडणी नीट झाली आहे ना, ते पाहावे. संगणक कधीकधी एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरला दूरचित्रवाणी संच समजतो आणि आखूड रंगश्रेणी पाठवतो. काळा रंग धुरकट आणि रंगीत अक्षरे पुसट दिसतात, आणि दोष मात्र मॉनिटरच्या माथी मारला जातो. रिझोल्यूशन मूळचे, रंगश्रेणी पूर्ण आणि मॉनिटरमधील ‘व्हिव्हिड’ किंवा ‘गेम’ मोड बंद, एवढे करून अर्धा तास पडदा तापू द्यावा.

मग खोलीतील दिवे मालवून पूर्ण काळे चित्र लावावे. कोपऱ्यातून फुटणारा उजेड येथे उघडा पडतो. डोके हलवल्यावर जी झळाळी जागा बदलते, ती आयपीएसचा स्वभाव. जी एकाच ठिकाणी चिकटून राहते, ती जोडणीतील त्रुटी. त्यानंतर मध्यम राखाडी चित्र, कारण डाग आणि पट्टे पांढऱ्यापेक्षा राखाडीवर अधिक स्पष्ट दिसतात. लाल, हिरवा, निळा आणि पांढरा असे क्रमाने लावून मृत पिक्सेल शोधावेत. शेवटी नेहमीच्या अक्षरमापात एक मराठी आणि एक इंग्रजी पान वाचावे, पांढऱ्यावर काळे आणि काळ्यावर पांढरे असे दोन्ही प्रकारे.

मृत पिक्सेलबाबत एक कटू सत्य माहीत असलेले बरे. आयएसओ १३४०६-२ या २००१ च्या मानकाच्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन सतत उजळणारे आणि दोन सतत काळे पिक्सेल ग्राह्य मानले होते. २००८ मध्ये आयएसओ ९२४१ मालिकेने त्याची जागा घेतली, परंतु ठरावीक संख्येपर्यंत दोष खपवून घेण्याची कल्पना उत्पादकांच्या हमीपत्रांत टिकून आहे. फोर-के पडद्यावर ८२ लाख ९४ हजार ४०० पिक्सेल असतात. जुन्या हिशेबाने सोळा उजळ ठिपके असलेला पडदाही ‘निर्दोष’ ठरला असता. म्हणजे मधोमध चमकणारा एक हिरवा ठिपका हमीखाली बदलून मिळेलच असे नाही. तेथे उपयोगी पडतो तो परतीचा हक्क.

हा हक्क देशागणिक वेगळा आहे. ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदी माल हाती आल्यापासून चौदा दिवसांत कारण न देता रद्द करता येते, आणि सदोष मालासाठी २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने तीस दिवस दिले आहेत. पण बिल कंपनीच्या नावाने असेल तर चौदा दिवसांची ही सोय लागू होत नाही, हे खर्च परत मिळवण्याच्या घाईत विसरले जाते. अमेरिकेत ऑनलाइन वस्तू केवळ पसंत नाही म्हणून परत करण्याचा सर्वसाधारण संघराज्यीय हक्क नाही. सारे दुकानाच्या धोरणावर चालते, आणि काही दुकाने परत घेताना रक्कम कापतात. कायमचे मायदेशी परतण्याचा विचार असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट : बहुतेक मॉनिटर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे अमेरिकेतला संच पुण्यात वायर बदलून वापरता येतो, पण हमी बहुधा खरेदीच्या देशापुरतीच राहते.

थर्मोकोल आणि खोके मुदत संपेपर्यंत टाकू नये. मूळ वेष्टनावाचून मॉनिटर सुखरूप परत पाठवणे जवळजवळ अशक्य असते, आणि वाटेत तडकलेल्या पडद्याचा वाद दुकानदार, कुरिअर आणि ग्राहक यांच्यात महिनोन्‌महिने रेंगाळतो.